बँकेचा पत्ता बदलला, आता जुन्याचं काय?

प्रश्न नागपुरातल्या एका लहान नागरी सहकारी बँकेच्या संचालकांचा आहे. पाच शाखा, सगळ्या शहरातच. ते लिहितात: "रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आम्ही वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर नेली. आता आमसभेत सभासद विचारून राहिले, की चांगलं चाललेलं नाव बदलायची गरज काय होती? आमच्याकडे पैसे पाठवायचं नेट बँकिंग नाहीच, खातं नुसतं पाहता येतं. मग चोरणार काय? दुसरं म्हणजे जुन्या 'डॉट कॉम'ची मुदत पुढच्या महिन्यात संपते. दोन-दोन नावांचे पैसे भरण्यापेक्षा ते सोडून द्यावं का?"

दुसऱ्या प्रश्नाला तारीख आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी: सोडू नका. वर्षाचे हजार-दीड हजार रुपये आहेत, आमसभेच्या तर्री-पोह्यांचा खर्च याहून जास्त होतो. भरून टाका, जमलं तर काही वर्षांचे एकदम. कारण ओघात येईलच.

मी गेली वीस-बावीस वर्षं विदर्भातल्या सहकारी बँकांच्या संगणक यंत्रणा तपासतो. तपासणीच्या पहिल्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतो: बँकेच्या वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे? व्यवस्थापक आयटी अधिकाऱ्याकडे बघतात, आयटी अधिकारी व्हेंडरला, म्हणजे संगणक सेवा पुरवणाऱ्या कंपनीला, फोन लावतो. एका बँकेत असं निघालं, की दहा वर्षांपूर्वी ज्या मुलानं वेबसाइट बनवून दिली त्याच्या खासगी ईमेलवर सगळी नोंदणी होती. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला, त्या ईमेलचा पासवर्ड त्यालाच आठवत नव्हता. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच पेटीत येऊन पडत होत्या. शेवटी एका दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना, वेबसाइट गेली आणि तिच्यासोबत बँकेचे सगळे ईमेलही गेले. कळलं सोमवारी, शाखा उघडल्यावर. सवलतीचे काही दिवस शिल्लक होते म्हणून नाव परत मिळालं. त्याच बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे, रजेवर जाताना रजिस्टरात सही करून देण्याची शिस्त. आणि साऱ्या जगाला बँक ज्या नावानं दिसते, ते नाव मात्र असं बेवारस.

आता मूळ प्रश्न. 'डॉट कॉम' मिळवायला काय लागतं? एक कार्ड आणि दहा मिनिटं. तुमचं नाव 'अमुकबँक डॉट कॉम' असेल, तर 'अमुकबँक-नागपूर डॉट कॉम', 'अमुकबँक-केवायसी डॉट कॉम', एखादं अक्षर जास्त घातलेलं 'अमुकबँकक डॉट कॉम', हे सगळं कुणीही आज रात्री विकत घेऊ शकतो. विकणारा विचारत नाही की तू कोण, बँकिंग परवाना आहे का. रशियन लिपीतला 'अ' इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो, तो घालून केलेली नावं तर डोळ्यांनी ओळखूच येत नाहीत. तुम्ही अशी किती नावं आधीच विकत घेऊन ठेवणार? मोठ्या बँका शेकड्यांनी घेऊन ठेवतात, तरी पुरत नाही.

ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर लोकांचा फार विश्वास होता. तो आम्हीच, म्हणजे माझ्यासारख्यांनी व्याख्यानं देऊन-देऊन बसवला, हे कबूल करतो. ते कुलूप एवढंच सांगतं, की तुमच्या आणि समोरच्या वेबसाइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोरचा सज्जन आहे की भामटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. ते कुलूप ज्यांच्यामुळे दिसतं ती प्रमाणपत्रं आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतात, त्यामुळे भामट्यांच्या वेबसाइटवरही कुलूप असतंच. गूगलनं २०२३मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चित्रच काढून टाकलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ लावत होते. नागपूरच्या महाल भागातले एक निवृत्त गुरुजी फसल्यानंतर मला म्हणाले होते, "अहो, त्यावर बँकेचं नाव होतं ना जी! आणि कुलूप पण होतं. आणखी काय पाहायचं माणसानं?" मला उत्तर सुचलं नाही. त्या वेळी तसं उत्तर नव्हतंच.

आता आहे. ७ फेब्रुवारी २०२५च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेनं 'डॉट बँक डॉट इन' जाहीर केलं, सोबत बँक नसलेल्या वित्तीय संस्थांसाठी पुढे 'डॉट फिन डॉट इन' आणण्याचंही. २२ एप्रिलला परिपत्रक निघालं आणि सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत स्थलांतर करायला सांगितलं. यातली खरी गोम नोंदणीत आहे. ही नावं देणारी देशात एकच संस्था आहे: हैदराबादची आयडीआरबीटी, रिझर्व्ह बँकेनंच १९९६मध्ये स्थापलेली. बँक असल्याशिवाय तिच्याकडून नाव मिळत नाही. तुम्हाला नवं नाव घेतल्यानं काही विशेष मिळालं असं वाटत नसेल, तर ते बरोबरच आहे. मिळालं ते हे, की झारखंडातल्या किंवा हरियाणातल्या कुठल्या खोलीत बसलेल्या पोराला ते घेता येत नाही.

ही कल्पना भारतानं पहिल्यांदा काढली असं नाही. २०१५मध्ये 'डॉट बँक' हे जागतिक नाव सुरू झालं. ते बँका आणि त्यांच्या संघटनांनीच मिळून उभ्या केलेल्या एफटीएलडी नावाच्या संस्थेकडे आहे, आणि अमेरिकेतल्या गावपातळीवरच्या कितीतरी छोट्या बँकांनी ते घेतलं. तिथेही आधी पडताळणी, मग नाव. शिवाय अटी: सगळी वेबसाइट कूटबद्ध हवी, नाव-प्रणालीच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदींवर डिजिटल सही हवी, ईमेलची ओळख तपासण्याची सोय हवी, नोंदणीच्या खात्याला दुहेरी पडताळणी हवी. छोट्या बँकांना याचा फायदा मोठ्या बँकांपेक्षा जास्त, असं माझं मत आहे. मोठ्या बँकेचं नाव जाहिरातींमुळे लोकांच्या तोंडी असतं आणि बनावट वेबसाइट शोधून पाडायला तिच्याकडे माणसं असतात. पाच शाखांच्या बँकेकडे एक आयटी अधिकारी असतो, आणि प्रिंटर बिघडला तरी त्यालाच बोलावतात.

आता ग्राहकानं नाव वाचायचं कसं, कारण इथेच बहुतेक सूचना फसतात. आपल्या पत्रावरचा पत्ता आठवा: मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. छोट्याकडून मोठ्याकडे. टपाल खात्यात पत्राची वर्गवारी मात्र उलटी होते, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. वेबसाइटचं नावही तसंच उजवीकडून वाचायचं. 'अमुक डॉट बँक डॉट इन' यात 'इन' हा जिल्हा, 'बँक' हा तालुका, 'अमुक' हे गाव. आता भामट्यानं 'अमुक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम' असं पाठवलं तर? डावीकडून वाचणारा 'बँक डॉट इन' दिसताच निर्धास्त होतो. उजवीकडून वाचा: जिल्हा 'कॉम', गाव 'केवायसी-अपडेट'. उरलेलं सगळं म्हणजे त्या गावातल्या कुणीतरी आपल्या घराच्या दारावर 'रिझर्व्ह बँक' अशी पाटी रंगवलेली. पाटी कुणीही रंगवतो. पत्त्यात सुरुवातीचं 'https://' सोडलं, तर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतच नाव असतं, रेघेनंतर काय लिहिलंय ते ओळखीसाठी शून्य कामाचं. हे मी पासबुक प्रिंटिंगच्या खिडकीजवळ लावायच्या फलकावर अगदी असंच, मुक्काम पोस्टाच्या उदाहरणासह लिहायला लावतो. सत्तरीतल्या आजोबांनाही ते एका मिनिटात कळतं, 'फिशिंगपासून सावध राहा' कळत नाही.

"चोरणार काय?" या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात एक गैरसमज आहे. तुमच्याकडे पैसे पाठवायची सोय नाही, पण ग्राहक तुमच्या वेबसाइटवर कशासाठी येतो? शाखेचा फोन नंबर शोधायला. गुरुजींचंही तेच झालं होतं. एटीएममध्ये अडकलेल्या पैशांसाठी त्यांनी बँकेचं नाव शोधलं, वर आलेल्या बनावट पानावरचा 'ग्राहक सेवा' नंबर लावला, आणि पलीकडच्या माणसानं गोड बोलून त्यांच्याकडून फोनमध्ये एक ॲप उतरवून घेतलं. पैसे गेले ते त्यांच्या दुसऱ्याच, मोठ्या बँकेतल्या खात्यातून. चोरलं काय गेलं? तुमचं नाव. सहकारी बँकेचं सगळं भांडवल शेवटी त्यावर उभं असतं, की काउंटरवरचा माणूस आपल्या ओळखीचा आहे.

आणि ईमेल. वेबसाइटची सगळे चर्चा करतात, ईमेलची कुणी करत नाही, आणि छोट्या बँकेचा जास्त व्यवहार तर ईमेलवरच चालतो: प्रायोजक बँकेशी (जिच्यामार्फत छोटी बँक पैसे पाठवण्याच्या यंत्रणांना जोडलेली असते), कोअर बँकिंगच्या, म्हणजे खात्यांच्या मुख्य संगणक यंत्रणेच्या व्हेंडरशी, मोठ्या खातेदारांशी. ईमेलच्या रचनेत मुळातच असं आहे, की पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. ते रोखायला तीन उपाय आहेत, आणि बँकेतल्या माणसाला ते बँकेच्याच भाषेत सांगतो. एसपीएफ म्हणजे अधिकृत सही करणाऱ्यांची यादी: या-या सर्व्हरवरून आलेलीच पत्रं आमची. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची सही, मजकुरात फेरफार झाला तर जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे सही जुळली नाही तर चेकचं काय करायचं याची सूचना. ती सूचना तीन प्रकारची असते: जाऊ द्या, बाजूला काढून ठेवा, किंवा परत पाठवा. मी पाहिलेल्या बहुतेक बँकांत डीमार्क 'लावलेलं' असतं, तपासणीच्या कागदावर बरोबरची खूणही असते, आणि सूचना मात्र 'जाऊ द्या' अशी. सही जुळली नाही तरी चेक पास करणारा टेलर तुम्ही ठेवाल का? सुरुवातीचे काही आठवडे 'जाऊ द्या' ठेवणं योग्यच आहे, म्हणजे आपलीच कुठली पत्रं अडकतील ते अहवालांतून कळतं. पण त्यानंतर 'परत पाठवा'वर जायलाच हवं.

इथेच एक कडू गोष्ट. कितीतरी शाखा अजूनही जीमेलच्या पत्त्यावरून ग्राहकांशी बोलतात. बँकेनं कितीही भारी नाव घेऊ द्या, शाखा व्यवस्थापकच 'अमुकबँकसीताबर्डी ॲट जीमेल'वरून केवायसीची कागदपत्रं मागत असतील, तर ग्राहकाला आपणच शिकवतो की बँक कुठल्याही नावानं येऊ शकते. मग भामटा 'अमुकबँकधरमपेठ ॲट जीमेल' उघडतो. ग्राहकाचा यात काही दोष नाही.

आता जुन्या नावाचं. रिझर्व्ह बँकेचं इथलं कार्यालय ज्या चौकात आहे, त्याचं नाव संविधान चौक होऊन किती वर्षं झाली? ऑटोवाल्याला आजही 'आरबीआय चौक' म्हटलं की कळतं. तुमचे ग्राहक जुनं 'डॉट कॉम' असंच वर्षानुवर्षं टाइप करत राहणार आहेत. जुन्या पासबुकांवर, चेकबुकच्या मुखपृष्ठावर, कॅलेंडरांवर, शाखेच्या पाटीवर तेच छापलेलं आहे. तुम्ही ते सोडलंत की थोड्या दिवसांनी ते बाजारात येतं. मग जो कुणी घेईल त्याला तुमच्या बँकेचं खरं, जुनं, शोधयंत्रांना ओळखीचं नाव फुकटात मिळतं. बनावट नाव बनवायचीही गरज नाही.

त्याहून वाईट ईमेलचं आहे. बँकेचा जुना ईमेल किती ठिकाणी नोंदलेला आहे याची यादी काढून पाहा: आयकर, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, प्रायोजक बँकेचं पोर्टल, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचं पोर्टल, वीज बिल, एखाद्या संचालकानं कधीतरी उघडलेलं कुठलं तरी खातं. नाव ज्याच्या हाती, त्या नावावर येणारं सगळं टपाल त्याच्या हाती. तो नुसतं 'पासवर्ड विसरलो' दाबत जाईल आणि नवे पासवर्ड त्याच्याकडे येत राहतील. म्हणून म्हणतो, हजार रुपयांसाठी हे करू नका.

जुनं नाव ठेवायचं, पण त्यावर वेगळी वेबसाइट चालू ठेवायची नाही. त्यावर आलेल्या माणसाला सरळ नव्या पत्त्यावर पाठवायचं. त्यासाठी जुन्या नावाचं प्रमाणपत्रही चालू ठेवावं लागेल, नाहीतर ग्राहकाला लाल इशारा दिसेल. या प्रमाणपत्रांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्यानं कमी होत आहे, २०२९पर्यंत ती ४७ दिवसांवर येणार आहे. डायरीत तारीख लिहून नूतनीकरण करायचे दिवस संपले, व्हेंडरकडून ते आपोआप होईल अशी व्यवस्था करून घ्या. जुन्या नावावर येणारे ईमेल एक-दोन वर्षं घेत राहा, पण त्यावरून पाठवणं बंद करा. पाठवणं पूर्ण थांबलं की एसपीएफमध्ये 'या नावानं कुणीच पत्र पाठवत नाही' अशी नोंद आणि डीमार्क 'परत पाठवा'.

स्थलांतरात जिथे लोक हमखास अडखळतात अशा दोन जागा सांगतो. एक, एसएमएस. १ ऑक्टोबर २०२४पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार संदेशातली लिंक आधी नोंदवून मंजूर केलेली नसेल तर तो संदेशच जात नाही. नवं नाव घेतलं, एसएमएसचे साचे बदलले, लिंक नोंदवायची राहिली, आणि 'संदेश मिळत नाहीत' म्हणून काउंटरवर गर्दी, हे मी पाहिलं आहे. दोन, मोबाइल ॲप. काही ॲपमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव आणि प्रमाणपत्र आतच पक्कं बसवलेलं असतं. नवी आवृत्ती ग्राहकांच्या फोनमध्ये पोचायच्या आत जुनं बंद केलं, तर ॲप आंधळं होतं.

नाव-प्रणालीच्या नोंदींवरच्या डिजिटल सहीबद्दल, म्हणजे डीएनएसएसईसीबद्दल, थोडक्यात. २००८मध्ये डॅन कॅमिन्स्की या संशोधकानं दाखवून दिलं, की नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या स्मरणात खोटा पत्ता घुसवता येतो. तुम्ही नाव बरोबर टाइप केलं तरी भलतीकडे पोचता. सही असेल तर खोटा पत्ता पकडला जातो. व्हेंडरला ते लावायला सांगा आणि लावलंय याचा पुरावा मागा.

पण सहीसुद्धा नावाच्या नोंदणी-खात्याची किल्ली हरवली तर काही करू शकत नाही. ऑक्टोबर २०१६मधल्या एका शनिवारी ब्राझीलमधल्या एका बँकेच्या नावांच्या नोंदणी-खात्यात चोर शिरले आणि तिची सगळीच्या सगळी ३६ नावं त्यांनी आपल्या सर्व्हरकडे वळवली. बनावट पानांना खरी, वैध प्रमाणपत्रं होती. पाच-सहा तास बँक स्वतःच्याच नावाबाहेर उभी होती. ग्राहकांना सावध करायला ईमेल पाठवावा, तर ईमेलही त्याच नावावर, तोही बंद. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१७मध्ये हे मांडलं, तेव्हापासून मी प्रत्येक संचालक मंडळाला ही गोष्ट सांगतो. नोंदणी-खात्याला दुहेरी पडताळणी, दोन जबाबदार अधिकारी, आणि त्या खात्याचा संपर्क-ईमेल बँकेच्या वेबसाइटच्या नावावर नसलेला, वेगळा, पण बँकेच्याच ताब्यातला. नाहीतर घराची किल्ली घरातच कुलूपबंद.

सभासदांना सांगताना वाढवून सांगू नका. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, ते मुख्यतः एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवरच्या हल्ल्यातून. वेबसाइटचं नाव कुठलंही असतं तरी ते थांबलं नसतं. व्हॉट्सॲपवर येणारी 'बँक केवायसी'ची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी), 'वीज कापली जाईल'चा फोन, यांनाही नवं नाव थांबवत नाही. फोनसाठी वेगळी सोय आहे, बँकांचे सेवाविषयक फोन १६००नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. आणि पैसे गेलेच तर १९३०वर लगेच फोन, हे त्याच फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

एक मुद्दा मात्र आमसभेत ठासून सांगा, कारण विदर्भात तो फार उपयोगी आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, काही उत्तम चालतात, पण त्या बँक नव्हेत. रिझर्व्ह बँकेचा परवाना त्यांना नसतो आणि ५ लाखांपर्यंतचं ठेव-विम्याचं संरक्षणही नसतं. त्यामुळे 'डॉट बँक डॉट इन' त्यांना मिळत नाही. इतवारीतल्या ठेवीदाराला आता परवाना कुठे टांगलाय ते न विचारता, मोबाइलवर नाव पाहून एवढं तरी कळू शकतं, की ही बँक आहे.

तर उद्या सकाळी आयटी अधिकाऱ्याला बोलवा. जुनं आणि नवं, दोन्ही नावं कुणाच्या खात्यात आहेत, संपर्काचा ईमेल कोणता, मोबाइल नंबर कुणाचा, एवढं एका कागदावर लिहून मागा. "व्हेंडरला विचारून सांगतो" असं उत्तर आलं, तर नूतनीकरणाचे पैसे भरण्याआधी ती दोन खाती बँकेच्या ताब्यात घ्या. पुढच्या महिन्यापर्यंत त्याला वेळ पुरेल, पण फार उरणार नाही.